फक्त परमिशनचा प्रॉब्लेम आहे

मे महिन्यात जळगावात कोणाकडे गेलात आणि कुलरचं तोंड माणसांकडे नसून भिंतीतल्या फळीकडे दिसलं, तर समजावं की या घरात एक अप्पा आहेत. फळीवर तळहातावर मावेल एवढा हिरवा बोर्ड असतो, दोन वायरी आणि एक लाल दिवा. "रास्पबेरी पाय," अप्पा ओळख करून देतात. "एवढासा संगणक, हाच आपला सर्व्हर. एक जीबी रॅम. ऐंशी डिग्रीला पोचला की आपोआप हळू होतो. म्हणून कुलर." बाहेर पंचेचाळीस असताना पाहुणा किती डिग्रीला हळू होतो, हे कोणी विचारत नाही. कुलरच्या दमट हवेनं बोर्ड खराब होतो, असं मध्ये कोणीतरी अप्पांच्या कानावर घातलं. तेव्हापासून कुलरमध्ये पाणी भरणं बंद आहे. आता तो नुसता गरम वारा फेकतो.

असे अप्पा कुठून निवृत्त झालेले असतील ते सांगता येत नाही. वीज मंडळातून, झेडपीच्या शाळेतून, कुठूनही. आमचे अप्पा बँकेतून. जन्मभर लोकांच्या ठेवी सांभाळल्या, पण स्वतःची ठेव दुसऱ्याकडे ठेवायला त्यांचा जीव होत नाही. "फोटो गूगलकडे, नंबर व्हॉट्सअ‍ॅपकडे, मग आपल्याकडे काय? पासवर्ड? तोही आठवत नाही!" म्हणून त्यांनी घराचा विकी काढला. गॅसचा ग्राहक क्रमांक, यावलकडच्या शेताचा सातबारा, बोअरची मोटर कधी भरून आणली, कोणाच्या लग्नात कोणी काय आहेर केला, सगळं एका ठिकाणी, घरातल्या घरात, आणि प्रत्येकाला त्यात लिहिता येईल असं. कल्पनेत खोट नाही. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन माणसानं १९९५ साली पहिला विकी काढला तो याच भरवशावर, की कोणीही यावं आणि पान दुरुस्त करावं. २००१ साली विकिपीडिया आला, २००३ च्या महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडिया. अप्पांचा विकी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, पण आला.

आला म्हणजे, येत राहिला. आधी मीडियाविकी, कारण विकिपीडिया त्यावर चालतो. कॉलनीच्या शेव-भाजीच्या पार्टीचा हिशोब ठेवायला जगातल्या सगळ्यात मोठ्या ज्ञानकोशाचं सॉफ्टवेअर! त्याला पीएचपी लागतं, डेटाबेस लागतो, आणि त्या बिचाऱ्या एक जीबीत डेटाबेस मध्येच मान टाकायचा. त्या काळात अप्पांना कधीही विचारा, उत्तर एकच. "ऐंशी टक्के झालंय भो. फक्त परमिशनचा प्रॉब्लेम आहे."

या परमिशनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यातून सुटका झालेला माणूस कॉलनीत नाही. सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलीला तीन आकडे असतात: मालकाचा, गटाचा आणि बाकीच्या जगाचा. वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक. अप्पा हे त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, गोदरेजच्या कपाटावरून समजावतात. काकू मालक, सात. सुना गट, पाच, म्हणजे उघडून बघा पण हात लावू नका. अप्पा बाकीचे जग, शून्य. "आणि सातशे सत्याहत्तर कधीही द्यायचं नाही," हे त्यांनी दूधवाल्यालाही बजावलंय. तो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवी गेटला अडकवून जाऊ लागला.

शेवटी त्यांना डोकूविकी सापडला. आंद्रेआस गोर या जर्मन माणसाचा, २००४ सालचा. याला डेटाबेसच लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. अप्पांना हे इतकं आवडलं की त्या दिवशी त्यांनी स्वतः पेढे आणले. तासाभरात विकी उभा राहिला, बसवायची फाइल सांगितल्याप्रमाणे पुसून टाकली, आणि मग संध्याकाळी लाईट गेली. बोर्डाच्या मेमरी कार्डावर काहीतरी लिहिलं जात असताना वीज गेली की त्या कार्डाचा काही नेम नसतो. नेम नव्हताच. काकू आतून म्हणाल्या, "लाईट गई ना? मंग आते जेवी ल्या." आता इन्व्हर्टरवर देवघरातल्या दिव्याच्या जागी सर्व्हरचा प्लग आहे. देवाला समई.

संगणकावर खान्देशाचा पहिला हक्क आहे, अशी अप्पांची ठाम समजूत. पुरावा: विप्रो. कंपनी १९४५ साली अंमळनेरला वनस्पती तुपासाठी निघाली, संगणक पुष्कळ नंतर आले. "आपल्याकडे तूप होतं तेव्हाच संगणकाचं बी पडलेलं होतं," असं ते म्हणतात आणि समोरचा विचार करत बसतो. पण त्यांचा खरा दैवत-पुरुष धुळ्याचा, इतिहासाचार्य राजवाडे. गावोगाव पायपीट करून दफ्तरं गोळा केली, १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला, आणि तो संग्रह सांभाळायला तिथं राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. "हेच तर सेल्फ होस्टिंग!" अप्पा टेबलावर हात आपटतात. "नाहीतर सगळं पुण्याच्या क्लाउडवर गेलं असतं." धुळ्यातल्याच समर्थ वाग्देवता मंदिरातली जुनी रामदासी बाडं हीसुद्धा त्यांच्या लेखी नानासाहेब देवांनी घेतलेला बॅकअपच. मला हे पटत नाही असं नाही.

त्यांचा स्वतःचा बॅकअपही धुळ्यालाच असतो. जळगावात आग लागली, पूर आला, काहीही झालं तरी माहिती वाचली पाहिजे, म्हणून महिन्याला एकदा अप्पा शर्टाच्या आतल्या खिशात पेनड्राइव्ह घालून एसटीत बसतात आणि एरंडोल, पारोळा करत देवपूरला बहिणीकडे उतरतात. जुना पेनड्राइव्ह घ्यायचा, नवा ठेवायचा. बहिणीला त्यात काय आहे हे माहीत नाही, पण ती तो लुगड्यांच्या पेटीत जपते. फोन केला की तिचं एकच वाक्य: "भाऊ, तुन्हं ते पेटीमा शे." एवढं नव्वदेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं कशासाठी, तर आहेरांच्या याद्या आणि मोटरच्या पावत्या! अर्थात त्यातच आईकडून ऐकलेल्या अहिराणी शब्दांचं पान आहे, आंडोर, आंडेरपासून सुरू झालेलं. ते रोज थोडं वाढतं आणि त्याबद्दल अप्पा कधी बोलत नाहीत.

बाकी विकीवर सगळ्यात लांब पान कोणतं? 'हा विकी कसा बसवला.' त्यात आकृत्यासुद्धा आहेत.

विकीत कोणीही लिहावं, हे अप्पांचं तत्त्व, पण लिहीत कोणी नव्हतं. मुलांनी, सुनांनी खाती उघडली आणि विसरून गेली. लिहिलं ते काकूंनी. अप्पांनी 'भरीत' हे पान केलं होतं: बामणोदची वांगी, काड्यांवर भाजून, लाकडी मुसळीनं ठेचून, तेल १५० मिली. काकूंनी मोबाइलवर बोलून बोलून दुरुस्ती केली: तेल, हात थांबेल तोवर. अप्पांनी पानाच्या इतिहासात जाऊन जुना मजकूर परत आणला. काकूंनी परत फिरवला. अप्पांनी विकिपीडियाचा नियम काढला, की चोवीस तासांत एका पानावर दुसऱ्याचं लिहिणं तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर बंदी येते. नियम बरोबर होता, मोजणी मात्र चुकली, कारण चौथ्यांदा उलटवणारे अप्पाच होते.

रोजच्या कामाला मुख्य खातं वापरू नये, हेही अप्पांचंच तत्त्व. माझं काही बरंवाईट झालं तर असू द्या, म्हणून मुख्य पासवर्ड त्यांनी नातीला देऊन ठेवलेला. तिनं पान कुलूपबंद केलं: काकूंनी लिहायचं, अप्पांनी वाचायचं. अप्पा तणतणत तिच्याकडे गेले, तर ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "काही नाही अप्पा, फक्त परमिशनचा प्रॉब्लेम आहे."

त्या रात्री फळीवरचा बोर्ड बराच वेळ लुकलुकत होता. पान म्हणजे साधी फाइल, आणि सर्व्हरच्या आत शिरून फाइल बदलायला विकीची परवानगी लागत नाही. सकाळी भरिताच्या पानावर पुन्हा १५० मिली. पण डोकूविकी असा चोरपावलांचा बदलही टिपून ठेवतो, बाहेरून केलेला बदल म्हणून. नावाच्या जागी नुसता आकडा, १२७.०.०.१. यंत्राचा स्वतःचा पत्ता.

"हे एकशे सत्तावीस कोण?" काकूंनी विचारलं.

"सर्व्हर आहे तो," अप्पा पेपरमागून म्हणाले. "कधीकधी करतो आपणहून."

"मग त्याला म्हणा, दीडशे मिलीत किती माणसांचं भरीत होतं तेही लिही. आज बारा जण आहेत जेवायला."