पीठ एक, लाटणी हजार

‘धंदा वाढला की चव जाते.’ हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की जणू तो निसर्गाचा नियमच. मला ते अजिबात मान्य नाही. चव आपोआप जात नाही. कुणीतरी हिशेबाची वही घेऊन बसतो आणि ती थोडी थोडी काढून घेतो.

आमच्या भागातल्या एका फरसाणवाल्याचं सांगते. पूर्वी त्याचं एकच दुकान होतं. पातळ पोह्यांचा चिवडा कागदी पुड्यात बांधून मिळायचा. मूठभर घेतला की खोबऱ्याचा काप, काजूची पाकळी, चार शेंगदाणे हाताला लागायचेच. आता त्याची सहा दुकानं आहेत आणि पाकीट चकचकीत आहे. गेल्या आठवड्यात मी ते ताटात ओतलं आणि खोबऱ्याचे काप मोजले. तीन निघाले. काजू नव्हताच. डाळं मात्र मुबलक. पाकिटाच्या मागे, चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत लिहिलं होतं: पामोलिन तेल.

हे एका दिवसात झालेलं नाही. आधी काजू गेला असेल, मग खोबरं कमी झालं असेल, मग तेल बदललं असेल. दर वेळी कुणीतरी म्हणालं असेल, ‘एवढ्यानं कुणाला कळतंय?’ आणि त्या त्या वेळी ते खरंही असेल. आजचा चिवडा कालच्या चिवड्याशी ताडून पाहिला तर फरक कळत नाही. तो पहिल्या दिवसाच्या चिवड्याशी ताडायला हवा.

वाढायचं तर एवढं करावंच लागतं, असं जे म्हणतात त्यांनी लिज्जत पापडाकडे पाहावं. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. भांडवल 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवसाचा माल चार पाकिटं. सुरुवातीला त्यांनी दोन प्रतींचे पापड केले; एक चांगला, दुसरा स्वस्तात विकायचा. ज्यांनी उसने पैसे दिले होते ते छगनलाल करमशी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी सांगितलं की एकच चांगला पापड करा आणि दर्जात कधी तडजोड करू नका. बायकांनी ते ऐकलं. खिशात उसने पैसे असताना स्वस्त माल बंद करायला काय धीर लागतो, तो धंदा करणाऱ्यांना ठाऊक आहे.

पहिल्याच पावसाळ्यात काम बंद पडलं, कारण पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. पापड खाटेवर पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. अडचण वाळवण्यात होती, तर उपायही त्यांनी वाळवण्यातच शोधला. पिठाला हात लावला नाही.

पुढे संस्था वाढली ती याच रीतीने. कच्च्या मालाची खरेदी मध्यवर्ती होते. पीठ शाखेत मळलं जातं. बायका सकाळी येतात, मळलेलं पीठ घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात. पापड तपासला जातो, वजन होतं, मजुरी मिळते, नवं पीठ मिळतं. आज सुमारे 45,000 बायका या कामात आहेत आणि उलाढाल सोळाशे कोटींच्या घरात गेल्याचं सांगितलं जातं. लाटणारे हात सातावरून हजारोंवर गेले, पण उडीद, मिरी, हिंग किती घालायचं हे त्या हातांवर सोडलेलं नाही. शिवाय लाटणारी बाई संस्थेची सभासद, म्हणजे मालकीण. पापड बिघडला तर तिचंच नाव जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे. धंदा वाढवताना काय वाढवायचं आणि काय जिथल्या तिथे ठेवायचं, हे पहिल्या दिवशीच ठरवा. हात वाढवा, शाखा वाढवा, गाड्या वाढवा. यंत्रंही आणा. चितळ्यांची बाकरवडी यंत्रावर होते आणि त्यात काहीही वावगं नाही. यंत्र गुंडाळतं, कापतं. सारणात काय आणि किती पडायचं ते माणूसच ठरवतो. म्हणून चव गेली की यंत्राकडे बोट दाखवू नका.

आणि खर्च परवडत नसेल तर सरळ भाव वाढवा. गिऱ्हाईक कुरकुर करेल, पण त्याला कळेल तरी की काय झालं. भाव तोच ठेवून आतला माल उतरवणं ही फसवणूक आहे, मग कायदा तिला काहीही म्हणो. कायद्याने आइस्क्रीममध्ये किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. त्याजागी वनस्पती तेल घातलं तर त्याला फ्रोझन डेझर्ट म्हणावं लागतं. तसं लिहिलेलं असतंही. पण गाडीवर दोन्ही कप शेजारी शेजारी असतात, आणि दहा रुपये मुठीत धरून उभ्या असलेल्या पोराला त्यातलं काय कळणार?

आपल्यालाही एक काम आहे. पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. पुढची चित्रं सोडा, मागची ओळ वाचा. बदामाच्या बिस्किटात बदाम कितव्या नंबरावर आहे ते बघा. पटलं नाही तर पाकीट परत फळीवर ठेवा.

घरी पापड करताना लाटायला बसण्याआधी लाटी तेलात बुडवून चाखायची असते. खार जास्त झाला का, मिरी कमी पडली का, ते तेव्हाच कळतं. एकदा पापड वाळला की काही करता येत नाही. फरसाणवाल्या त्या शेटजींना माझं तेवढंच सांगणं आहे. सातव्या दुकानाची फीत कापण्याआधी पहिल्या दुकानाचं एखादं जुनं गिऱ्हाईक बोलवा, शेजारी बसवा आणि दोघांनी एकाच ताटातला चिवडा खा. पहिल्या दिवसाचा चिवडा तुम्ही ठेवला नसेल, पण त्याच्या जिभेवर तो अजून आहे.