मा. बर्फसाहेब, एकदा अल्लीपूरला पडा

प्रति,
मा. बर्फसाहेब,
हिवाळी मुक्काम बोस्टन, अमेरिका.

अर्जदार: एक ओलीतवाला, अल्लीपूर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा.

विषय: आमच्या शिवारात किमान एक वेळ प्रत्यक्ष येऊन पडण्याबाबत.

संदर्भ: भाच्याने फॅमिली ग्रुपवर टाकलेले आपले व्हिडिओ.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की, आपली-आमची समोरासमोर ओळख नाही. आपलं दर्शन घडतं ते मोबाइलवर, तेही बोस्टनला राहणाऱ्या भाच्याच्या कृपेने. डिसेंबर सरता सरता त्याचा पहिला व्हिडिओ येतो. अंगात फुगीर जाकीट, हातात रुंद फावडं, मागे पांढरा ढीग आणि त्या ढिगातून डोकावणारा गाडीचा एक आरसा. "मामाजी, पहा, सकाळी पाचपासून उपसून राहिलो!" की लगेच साऱ्या गोतावळ्याचे हात जोडले जातात. ताई लिहिते, "जपून रे बापू, कानटोपी घाल." काका लिहितात, "धन्य आहे तुम्हा लोकांची."

त्याच रात्री मी हरभऱ्याच्या ओलिताला गेलेलो असतो. त्याचा व्हिडिओ निघत नाही. अंधारात अंधार दिसतो, त्याला कोण लाइक करणार?

आपला मान मोठा आहे, साहेब, हे मी अभ्यासाअंती सांगतो. 2014-15 च्या हिवाळ्यात आपण बोस्टनला 110.6 इंच पडलात. म्हणजे सव्वानऊ फूट, पडवीतल्या माणसाच्या डोक्यावरून. नगरपालिकेने आपल्याला ट्रकांत भरून एका मोकळ्या जागी नेऊन रचलं आणि त्या ढिगाचा शेवटचा तुकडा 14 जुलै 2015 रोजी वितळला. जुलैत! आमच्याकडे तोवर पऱ्हाटीला डवरे सुरू होतात. आपलं वितळणं महापौरांनी जाहीर केलं. आमच्या तालुक्यात एवढ्या इतमामाने निरोप फक्त बदली झालेल्या तहसीलदाराला मिळतो.

आपण पडलात की सगळं जग कामाला लागतं. पहाटे नांगरगाड्या फिरतात, रस्त्यावर मीठ टाकतात, शाळांना सुट्टी मिळते. घरापुढची पायवाट साफ करायला तिथे तीन तासांची मुदत असते, वाट 42 इंच रुंद झाली पाहिजे, नाही केली तर दंड. आपलं वजन काही कमी नाही. साचून दबलेल्या आपल्या एका घनमीटरचे दोन-तीन क्विंटल सहज भरतात, म्हणून तिथले डॉक्टर उतारवयातल्या माणसांना फावडं धरण्याआधी छातीचा विचार करायला सांगतात. एवढं उपसून गाडीपुरती जागा मोकळी केली की माणूस तिथे खुर्ची ठेवून कामाला जातो. त्या खुर्चीला नगरपालिकाही 48 तास मान देते. वर्ध्याच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आमच्या लोकांना हा कायदा वाचून दाखवला, तेव्हा त्यांना बोस्टन आपलंच गाव वाटलं.

आता आमची बाजू ऐका. आपल्याला वाटत असेल, मे महिन्यात 45 च्या पुढे तापणाऱ्या मुलखाला थंडीशी काय देणंघेणं? तर 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला. त्याआधीचा 3.9 चा नीचांक 1937 चा होता. म्हणजे थंडी आमच्याकडेही येते, फक्त आपल्याला सोबत आणत नाही. उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, आभाळ निरभ्र होतं, तेव्हा पारा पडतो. आणि ढग आले की थंडी पळते. दोघांची गाठ पडत नाही, म्हणून आपला योग येत नाही.

गोठण्याच्या बाबतीत आमची मजल खोबरेल तेलापर्यंत. ते चोवीस अंशांच्या खाली आलं की थिजतं, म्हणून आमच्या घरात थर्मामीटर लागत नाही. दिवाळी सरली की निळी बाटली आधी उन्हात बसते, मग चुलीच्या ओट्यावर, आणि पुढे आजी त्यात केसांची पिन घालून खरवडू लागली की समजावं, रात्री दुलई काढायची वेळ झाली.

पण खरी थंडी घरात नसते, शेतात असते, आणि तिची वेळ वीजवाले ठरवतात. कृषिपंपाची थ्री फेज लाईन पाळीने येते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभरा घाटे धरायच्या बेतात असला, की पाळी हमखास रात्रीची. मोटारीला ऑटो लावलेला असतो, म्हणून ती आपोआप सुरू होते. स्प्रिंकलरचे पाइप मात्र आपोआप सरकत नाहीत. अर्धी रात्र उलटली की बॅटरी घेऊन उठायचं, मोटार थांबवायची, कडी सोडवायची आणि वीस फुटी पाइप खांद्यावर घेऊन पुढच्या ओळीत टाकायचा. पाइप उचलताना आतलं उरलेलं पाणी हमखास बाहीतून शिरतं आणि बगलेपर्यंत जातं. काळ्या मातीचा गारा बुटांना चिकटून पाय जड होतात. पारा तेव्हा सात-आठ अंशांवर असतो. भाचा त्याला 'वसंत ऋतू' म्हणतो. ओल्या शर्टावर वारा लागला की वसंत कसा असतो, हे त्याला एकदा इथे आणून दाखवायचं आहे.

पाइप बदलून झाले, की धुऱ्यावर शेकोटी. तुराटी, पऱ्हाटीची काडी, एखादा ओंडका. तिथे शेजारचे जागलीवाले येऊन बसतात. रोह्यांपासून आणि रानडुकरांपासून पीक राखायचं म्हणून त्यांची रात्र आधीच गेलेली. मग जुन्या थंड्यांचा बाजार भरतो. कुणी 2018 ची काढली, की सत्तरीचे आबाजी हात शेकत म्हणतात, "थे काय थंडी होती? आमच्या वक्ती मोटेच्या पाण्यात हात घातला का बोटं कोणाची तेच समजे ना." त्यांच्या वडिलांच्या वेळची याहून कडक. असं मागे मागे जात राहिलं, तर आमच्या खापरपणजोबांच्या काळी यशोदा नदीच्या खोऱ्यात आपला कायम मुक्काम असावा, असं सिद्ध होतं. अशा बैठकीत एकदा भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. उणे अठरा, म्हणाला. आबाजींनी त्याच्या मागचा पांढरा ढीग नीट निरखला आणि विचारलं, "तिकडं रातच्याला ओलीत करा लागते काय?" भाचा म्हणाला, "नाही आबाजी, रात्री हीटर लावून झोपतो." आबाजी म्हणाले, "मंग कायची थंडी?"

बर्फसाहेब, या अर्जाचं मूळ कारण त्या प्रश्नात आहे. जी थंडी डोळ्यांना दिसते, तिच्यासाठी यंत्रं, मीठ, सुट्टी आणि कायदे. जी दिसत नाही, ती ज्याच्या अंगावर पडली त्याची खासगी बाब. आमच्याच राज्यात बघा ना: महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ गाडीच्या टपावर दव गोठलं, की पेपरात रंगीत फोटो, पर्यटक तळहाताने ते खरवडून एकमेकांवर उडवतात. तेच दवाळ आमच्या तुरीवर उतरतं तेव्हा सकाळी फुलं काळी, शेंगा करपलेल्या. तिथे सेल्फी काढायला कुणी येत नाही. धुवारीने फुलगळ झाली तरी तेच. तसं केंद्राच्या आपत्तीच्या यादीत 2012 पासून थंडीची लाट आणि दवाळही बसलं आहे. यादीत बसणं सोपं. बांधावर येऊन बसणं अवघड.

आपले एक नातलग मात्र आमच्याकडे येतात, गारा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते महाराष्ट्रभर फिरले, 11 फेब्रुवारी 2018 ला विदर्भ-मराठवाड्यात पुन्हा आले. शेतात पांढरा थर, लोक म्हणाले, काश्मीर. दुपारी काश्मीर वितळलं आणि खाली आडवा झालेला गहू उरला. मग पंचनामे. पूर्वी अर्धं पीक गेलं तरच मदतीत बसायचं. 2015 मध्ये ती अट 33 टक्क्यांवर आली. तेव्हापासून आमचं नुकसान कायम बत्तीस टक्क्यांच्या आसपास घुटमळतं, हा केवळ योगायोग समजावा.

आपण आलात, तर स्वागताची चिंता नको. नेत्यांवर फुलं उधळायला जे जेसीबी लागतात, तेच बर्फ उचलायला लावू. 'बर्फ उचल' कामाचं टेंडर निघेल, उन्हाने आपण वितळलात तरी बिल निघेलच. पालकमंत्री बांधावर येतील, बुटाला चिखल लागू नये म्हणून आधी मुरूम पडेल. सातबाऱ्याच्या पीक रकान्यात 'बर्फ, जिरायती' की 'बर्फ, बागायती' एवढाच प्रश्न उरेल. आणि आमच्या पोरांना शाळेला सुट्टी मिळेल, ही किरकोळ बाब.

मुख्य फायदा असा, की रात्री दोनला धुऱ्यावर पांढरं दिसेल. मग कॅमेरे येतील, त्यांच्या उजेडात पाइप बदलणारा माणूसही दिसेल. कुणीतरी विचारेल, "हा माणूस एवढ्या रात्री इथे काय करतो?" या एका प्रश्नासाठी आम्ही आपला सारा त्रास सोसायला तयार आहोत.

आपल्याला येणं जमत नसल्यास, अल्लीपूरची थंडी ही खरोखरच थंडी असल्याचा सही-शिक्क्यानिशी दाखला द्यावा. फॅमिली ग्रुपवर टाकता येईल.

करिता अर्ज सादर. योग्य तो विचार व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
ओलीतवाला, अल्लीपूर

प्रत माहितीस्तव: भाचा, बोस्टन. (तुझ्या मामीने विचारलं आहे, ते फावडं इकडे शेणखत उचलायला चालेल काय?)

ता. क. दिवसाच्या विजेसाठी राज्याने 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना काढली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पाही आला. तिची तार आमच्या धुऱ्यापर्यंत पोचून हरभऱ्याला दिवसा लाईन मिळाली, तर हा अर्ज आपोआप रद्द समजावा. मग आपण बोस्टनलाच बरे.