दोन फेऱ्या जमा

अण्णांची तब्येत ही त्यांची खासगी बाब नाही. रोज पहाटे साडेपाचला ती कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सार्वजनिक होते. पांढरे बूट, मे महिन्यातही कानटोपी आणि हातात काठी, तीही टेकायला नव्हे तर कुत्र्यांना दाखवायला, अशा थाटात एक गृहस्थ शालिनी पॅलेसच्या बाजूनं छाती काढून येतात. ओळखपाळख नसताना तुमच्या पोटाकडं बघत त्यांनी "किती वाढवलंय वो हे?" असं विचारलं, की समजायचं हेच अण्णा. त्यांना खरं नावही आहे, पण ते पेन्शनच्या पासबुकापुरतं.

असे अण्णा पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या चढतात, दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फिरतात. पण कोल्हापूरच्या अण्णांना तालमीचा वारसा असतो आणि त्यामुळं आवाज मोठा असतो. खासबागचं मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं. अण्णांचा जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला, तरी ऐकणाऱ्याला वाटतं पहिली कुस्ती यांनीच मारली. प्रत्यक्षात ते एकच उन्हाळा तालमीत गेले, आणि तोही थंडाईच्या ओढीनं, असं त्यांचा धाकटा भाऊ सांगतो. भाऊ फेरीला येत नाही, त्यामुळं अण्णांच्या मते त्याच्या साक्षीला किंमत नाही.

अण्णांचं आरोग्यशास्त्र सगळं एका वहीत मावतं. चाललं की जमा, खाल्लं की खर्च. त्याचे दरही ठरलेले आहेत. एका फेरीला एक मिसळ. जादा पाव घेतला तर रंकाळा टॉवरपर्यंत जाऊन यायचं. कटाची वाटी दुसऱ्यांदा आली तर तिची नोंद करायची नाही, कारण ती मागितलेली नसते, वाढणाऱ्यानं प्रेमानं घातलेली असते. फेरी संपवून गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जायचं, डोळ्यांदेखत पिळलेल्या म्हशीच्या दुधाचा फेसाळ पेला रिचवायचा. तो खर्चात धरत नाहीत. "दूध काय खाणं हाय का मास्तर? दूध औषध हाय." दूध तापवून प्यावं असं डॉक्टर सांगतात, हे मी एकदा बोललो होतो. त्यानंतर आठवडाभर अण्णा मला लांबूनच हात करत होते.

आता अर्धा तास झपाझप चालून जेवढं जळतं, तेवढं मिसळीच्या तर्रीवरच तरंगत असतं. चालण्याचा खरा फायदा वजनाच्या काट्यावर फारसा दिसत नाही. रक्तदाब, साखर, हाडं, झोप आणि डोकं यांना तो होतो. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालावं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब. अण्णा तो तीन दिवसांत उरकतात. चालण्याच्या बाबतीत त्यांना नावं ठेवायला जागा नाही. अडचण ही, की त्या दीडशे मिनिटांच्या जिवावर ते आठवड्यातले उरलेले सगळे तास मोकळे सोडतात.

नातवानं मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून दिलं आणि वहीला तारण मिळालं. रोज दहा हजार पावलं! हा आकडा १९६५ साली एका जपानी कंपनीनं विकायला काढलेल्या यंत्राबरोबर रूढ झाला. अण्णांना ते सांगण्यात अर्थ नाही. कारण त्यांना दुसराच शोध लागला आहे: हातवारे केले तरी घड्याळ पावलं मोजतं. महापालिकेच्या राजकारणावर कट्ट्यावर बसल्या बसल्या बोललं तर हजारभर आरामात पडतात. निवडणुकीच्या दिवसांत अण्णा उठून कुठं न जाता पन्हाळ्यापर्यंत पोचले असतील.

आहाराच्या बाबतीत त्यांनी एकाच गुरूवर भिस्त ठेवलेली नाही. दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा, असं डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात घड्याळं लावून जेवणं चालू होती. अण्णांनीही लावलं. दीक्षितांनी पंचावन्न मिनिटं ही मर्यादा म्हणून दिली होती, अण्णांनी ती हक्क म्हणून घेतली. चाळिसाव्या मिनिटाला पोट भरलं तरी उरलेली पंधरा मिनिटं ते वाया जाऊ देत नसत. ऋजुता दिवेकर तुपाला घाबरू नका म्हणाल्या, ते तर अण्णांच्या मनातलंच होतं. एका पंथाची दोन जेवणं, त्यावर दुसऱ्या पंथाचं तूप. मधल्या वेळच्या शेंगदाण्यांबद्दल दोघांपैकी कोणी आपल्याला थेट काही बोललेलं नाही, एवढ्यावर त्यांनी तो विषय मिटवला.

दुसऱ्यांसाठी मात्र त्यांच्याकडं कडक औषधं असतात. मध्यंतरी भेटेल त्याला दुधीचा रस लावला होता. "कडू लागला तर अजून चांगला, कडू तेवढं गुणकारी!" हा सल्ला भलताच धोक्याचा. दुधी कडू निघाला तर त्यात विषारी द्रव्य असतं, आणि तसला रस पिऊन माणसं दगावल्याचं आपल्या देशात घडलेलं आहे. कडू लागला की ओतून द्यायचा, दुसरा विचार करायचा नाही. अण्णांनी तो रस स्वतः कधी चाखला नाही. त्यांना मिसळ असते.

खरी गंमत गोळीची. दहा वर्षांपूर्वी अण्णांना रक्तदाब निघाला आणि डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली. अण्णा ती मान दुखली की घेतात.

"बीपी माजं मला कळतंय वो. चढलं की मान धरती."

वाढलेला रक्तदाब बहुतेकांना अजिबात कळत नाही, तो गुपचूप मूत्रपिंड, डोळे आणि मेंदू पोखरत राहतो, म्हणून तर मोजायचा असतो. हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. अण्णांनी चित्राचं कौतुक केलं.

"पण मास्तर, गोळीचं कसं हाय, एकदा सवय लागली की आयुष्यभर सुटत न्हाई," हे मला सांगताना त्यांच्या डाव्या तळव्यावर चुना लावलेली तंबाखू मळून तयार होत होती.

मिठाचंही असंच. "मी वरनं मीठ घेत न्हाई," हे वाक्य ते छातीवर हात ठेवून म्हणतात आणि ते शंभर टक्के खरं आहे. ताटात खर्डा, लोणचं, दोन पापड आणि पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी असताना वरनं घ्यायला मिठाला जागा कुठं राहते? दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सगळ्या पदार्थांत मिळून एक छोटा चमचा. अण्णांचा तो चमचा सकाळी नऊलाच संपतो. पण वहीत मिठाचं पानच नाही, कारण मीठ चालून जिरवता येतं की नाही हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

साखरेची तपासणी आली की आधीचे दोन दिवस अण्णा संत होतात. भाकरी, मेथी, ताक. रिपोर्ट झकास येतो आणि कट्ट्यावर हातोहात फिरतो. मग एका वर्षी डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी लिहून दिली. त्या रिपोर्टानं दिवाळीपासूनची सगळी चहाडी केली. अण्णांनी लॅब बदलली. दुसऱ्या लॅबनंही तेच सांगितलं, तेव्हा त्यांनी तो रिपोर्ट "मशीनं सगळी एकाच कंपनीची" म्हणून निकालात काढला.

या सगळ्यात अण्णा लबाड आहेत असं मला वाटत नाही. त्यांना तब्येत राखायचीच आहे, पण कोणीतरी बघत असताना. रंकाळ्याची फेरी चारचौघांत होते, तिला 'वा अण्णा!' मिळतं. सकाळी गोळी गिळली, पापड परत केला, तंबाखूची डबी घरी ठेवली, यांना टाळ्या कोण वाजवणार? म्हातारपणाचे पुष्कळ आजार अशाच बिनटाळ्यांच्या कामांनी लांबणीवर पडतात, आणि अण्णांचा पिंड मैदानी.

मागं ज्येष्ठ नागरिकांचं शिबिर होतं. फिजिओथेरपी शिकणाऱ्या पोरापोरींनी सगळ्यांना दोन साध्या गोष्टी करायला सांगितल्या: हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि दहा आकडे होईपर्यंत एका पायावर उभं राहायचं. वय वाढलं की मांड्यांचे स्नायू झडतात, तोल जातो, आणि नुसत्या चालण्यानं दोन्ही भरून येत नाहीत. त्यासाठी उठाबशा, तोलाचे व्यायाम आणि ताटात डाळ, अंडी, उसळ लागते. फुलं विकणाऱ्या आजी पदर खोचून सहज दहापर्यंत उभ्या राहिल्या. अण्णा चारला डगमगले आणि पाचला त्यांनी त्या पोरीचा खांदा धरला.

"चप्पल नवीन हाय," ते म्हणाले. पायात बूट होते.

एक गोष्ट मात्र अण्णांच्या बाजूनं सांगायलाच हवी. फेरीतला एखादा गडी दोन दिवस दिसला नाही, की तिसऱ्या दिवशी अण्णा त्याच्या दारात हजर. बायको गेल्यावर घरात कोंडून घेतलेल्या एका मित्राला त्यांनी महिनाभर रोज शिव्या देत उठवून आणलं. आज तो माणूस हसतो, भांडतो, अण्णांच्या मिसळीतली शेव पळवतो. एकटेपणानं म्हातारं माणूस किती लवकर खचतं ते डॉक्टरही सांगतात. अण्णांनी या कामाची नोंद कधी केली नाही. त्यांना ते आरोग्यात मोडतं हेच ठाऊक नाही.

गेल्या पावसाळ्यात ते न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर घसरले. निभावलं, कमरेला मुका मार बसला. या वयात खुब्याचं हाड मोडलं की धडधाकट माणूसही अंथरुणाला खिळतो, म्हणून डॉक्टरांनी भिंतीला आधाराची दांडी बसवायला सांगितलं. अण्णा भडकले. दांडी म्हाताऱ्यांना लागते, ते रोज दोन फेऱ्या मारतात! त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, वाद घातला नाही. सुतार बोलावला आणि टॉवेल वाळत घालायला म्हणून दांडी ठोकून घेतली. आता त्यावर टॉवेल असतो, आणि कोणी बघत नसताना अण्णा ती घट्ट धरतात.

तुमच्या घरी असे अण्णा असतील तर तुम्हीही टॉवेलचंच नाव सांगा. दांडी मात्र आधाराचीच आणा आणि भिंतीत पक्की बसवून घ्या. टॉवेलची दांडी अण्णांचं वजन पेलत नाही.