कालच्या पावसाचे गुरुजी

पाथरीत उद्याचा पाऊस सांगणारे पैशाला पासरी. आमचे निवृत्त गुरुजी मात्र कालचा सांगतात. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे वेधशाळेच्याच वेळेला, परसातल्या पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचं, पाणी मोजायचं, वहीत आकडा टाकायचा. कडक उन्हाळ्यातही. "शून्य हासुद्धा आकडाच," हे जन्मभर पोरांना शिकवलं, आता बायकोला शिकवतात. शेवग्याचा अडोसा होतो म्हणून ते झाड तोडायला निघाले होते; बाईंनी पर्जन्यमापकच हलवायला लावला.

मृग लागला की दारात माणसं.

"गुर्जी, पेरावं का?"

"काल सोळा मिलिमीटर झाला."

"त्ये तर भिजलोच की आम्ही. उद्याचं सांगा."

गुरुजी सेलूच्या दिशेनं बोट दाखवतात. हवामानाचे अंदाज सांगणारे पंजाबराव डख त्या तालुक्यातले. 2020 च्या जानेवारीत अवघ्या गावाच्या तोंडी साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद होता, गुरुजींच्या तोंडी किमान तापमान. आणि 17 मेच्या सुमारास, दुपारी बारा वीसला, सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा उभ्या काठीची सावली नाहीशी होते, हे दाखवायला ते गल्लीला भर उन्हात उभं करतात. पुढच्या वर्षी गल्लीच नाहीशी होते.

एका सप्टेंबरात मात्र त्यांची कसोटी लागली. रात्रभर कोसळला, सोयाबीन पाण्यात. चोवीस तासांत 65 मिलिमीटर झाला तर महसूल खातं भरपाईसाठी अतिवृष्टी धरतं. गुरुजींच्या पात्रात 64.5. वेधशाळेचा 'जोरदार पाऊस' नेमका या आकड्यापासून सुरू होतो, म्हणून गुरुजी हरखलेले, अंगण तापलेलं.

"लिवा की पासष्ट! आर्ध्या मिलिमीटरनं काय व्हायलंय?"

खरं तर सरकार महसूल मंडळातल्या आपल्या यंत्राचा आकडा धरतं, ही वही कोणी मागत नाही. पण तेवढं सांगायला गुरुजींची जीभ रेटेना. त्यांच्या आकड्यासाठी माणसं पहिल्यांदाच भांडत होती, मग कोण सांगेल! त्यांनी 64.5 खाली पट्टी ठेवून रेघ मारली.

आतून बाईंनी विचारलं, "चहा किती जणांचा?"

गुरुजींनी अंगण दोनदा मोजलं. एकाच्या कडेवर पोर होतं.

"साडेसोळा," ते म्हणाले.