लाल शाईतल्या निवेदनांना उत्तर

प्रति,
समस्त हिरड्या,
वरचा व खालचा जबडा,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : दात घासताना लाल शाईत सादर होणाऱ्या निवेदनांबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, गेली दोन वर्षे आपण रोज सकाळी बेसिनमध्ये सादर केलेली निवेदने या कार्यालयास मिळाली असून ती तत्परतेने तांब्याभर पाण्याने निकाली काढण्यात आली आहेत.

गेल्या हंगामात तर आपण हद्दच केली. दौलताबादच्या रस्त्यावर गाडी थांबवून पेरू घेतला, पहिला घास घेतला आणि गरावर आपली सही उमटली. मी पेरूवाल्याला म्हणालो, “मामा, लाल पेरू दिलात की!” त्यांनी आधी पेरूकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. म्हणाले, “साहेब, पेरू पांढराच आहे.” या बदनामीची नोंद आपल्या सेवापुस्तकात घेतली आहे.

आपलं म्हणणं असं, की दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे जंतूंचा बुळबुळीत थर साचतो आणि त्याने आपण सुजता. हे आम्हाला शिकवता? आठवडा-आठवडा नळाची वाट पाहणाऱ्या गावात राहतो आम्ही! ड्रमला आतून धरलेली बुळबुळ नुसतं पाणी ओतून जात नाही, घासावीच लागते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बोअरच्या पाण्याने बादलीवर चढलेला पांढरा थर नुसत्या हाताने निघत नाही, हेही. दातावरची बुळबुळ तशीच राहिली की लाळेतल्या क्षारांनी तिचं किटण होतं. मग ब्रशचं काही चालत नाही, ते डॉक्टरकडूनच काढून घ्यावं लागतं. सगळं ठाऊक आहे. म्हणून तर ड्रम मी दर पाण्याला घासतो. दातांना वेळ उरत नाही, एवढंच.

आपल्या म्हणण्याला पुरावाही आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो या संशोधकाने बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू होताच आठवडाभरात ताळ्यावर आल्या. म्हणजे आपण समझोत्याला तयार होतात. बैठक आम्हीच लावली नाही.

तथापि या कार्यालयाने काहीच केले नाही, हा आरोप खोडसाळ आहे. रक्त येते त्या जागी ब्रश फिरवणे तातडीने बंद केले. तक्रार येते त्या वस्तीत फिरकायचेच नाही, ही जुनी प्रशासकीय रीत. मग कोणीतरी सुचवले म्हणून मिसरी लावली. रक्त कमी झाले! मिसरीतल्या तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही आणि आत हाड मात्र झिजत राहते, हे नंतर कळले. दात साफ करून घेण्याचा प्रस्ताव “साफ केले की दात हलतात” या शेऱ्यानिशी फेटाळला. पोपडे काढले म्हणून भिंत पडली, असं म्हणण्यातलाच हा प्रकार.

घाटी रुग्णालयाच्या आवारात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. शुगर तपासायला मी दर महिन्याला त्याच आवारात जातो. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही. पण दोन केस पेपर कोण काढणार?

अखेर समोरचा दात जिभेने हलू लागला, तेव्हा दाताच्या डॉक्टरांसमोर तोंड उघडलं. नुसती सूज असते तोवर सगळं पूर्ववत होतं. पायरिया होऊन झिजलेलं हाड सहसा परत येत नाही, उरलेलं राखता येतं, असं कळलं.

सबब आदेश देण्यात येतो की, मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा टेकवून दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे फिरवावा. दातांमधल्या फटींतून रोज दोरा फिरवावा. मिसरी कायमची बंद करावी. डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणीला जावे. पहिले काही दिवस रक्त आले तरी ब्रश थांबवू नये. महिनाभरानेही येत राहिल्यास ते निवेदन समजून वाचावे.

आपला,
तोंडमालक

प्रत माहितीस्तव :
१. खालचा समोरचा दात (सध्या हालचालीत).
२. पेरूवाले मामा, दौलताबाद रस्ता. पेरू पांढराच होता.