भागिले ८७

प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. कुणाकडे पोस्टाची तिकिटं असतात, कुणाकडे बोन्साय. आमच्या वसईतल्या इमारतीत नानांकडे पश्चिम रेल्वे आहे. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला आणि त्याची दहा बाय बाराची खोली नानांनी रेल्वेसाठी संपादित केली. मोबदला न देता. आता तिथे कमरेएवढ्या उंचीवर प्लायवूड आहे, त्यावर रूळ, सांधे, सिग्नल आणि थर्माकोलचा जीवदानीचा डोंगर. प्लायवूडखाली तांदळाचा डबा आणि पापडांची पिशवी, कारण तळमजल्याचे हक्क काकूंनी सोडलेले नाहीत.

नानांचं मॉडेल एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. रेल्वेपुरतं हे ठीक होतं. पण एकदा भागाकाराची सवय लागली की माणूस थांबत नाही. पहिल्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा सहा फूट उंच, असं तिची आई कौतुकाने सांगत होती. नाना म्हणाले, “म्हणजे एकवीस मिलिमीटर. छान आहे.” सोसायटीच्या सभेत टँकरवरून भांडण पेटलेलं असताना नानांनी हात वर केला. आकारमान असेल तर तीनदा भागायचं असतं, असं बजावून त्यांनी दहा हजार लिटरच्या टँकरचा हिशोब मांडला: पंधरा मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचा एक मोठा चमचा. उन्हाळ्यात आमच्या वाट्याला येणारं पाणी पाहता हा आकडा सभेला अगदीच अवास्तव वाटला नाही.

या भागाकाराने सगळ्यांत जास्त छळलं ते त्यांनाच. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब. भागिले ८७, म्हणजे तीन मीटरला जरासं कमी. आणि खोलीची एक बाजू दहा फूट, म्हणजे तीन मीटरला जरासं जास्त. पूर्ण लोकल उभी केली तर तिचं तोंड खिडकीला आणि शेपूट कपाटाला. गाडी सुटण्याआधीच पोचलेली. शेवटी नानांनी तीन डब्यांवर समाधान मानलं, पण मन खात होतंच. पश्चिम रेल्वेने २००९ साली पंधरा डब्यांची लोकल आणली, तो विषय त्यांच्यासमोर काढू नये. मधली भिंत पाडायला किती खर्च येईल, याची त्यांनी गवंड्याकडे चौकशी केली होती, हे काकूंना अजून माहीत नाही.

अंतराचंही तेच. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर. भागिले ८७, सुमारे ६९० मीटर. तेवढ्यात खरं तर नाना घरून निघून भाजी घेऊन परत येतात. म्हणून त्यांच्या खोलीत वसई रोड आणि नालासोपारा यांच्यात दीड फूट अंतर आहे. गाडी पुढच्या स्टेशनात शिरते तेव्हा तिचा शेवटचा डबा मागच्या फलाटावरच असतो.

आणि ते पावणेतीन मिलिमीटर! नानांकडे चहाला गेलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे. आपला ब्रॉडगेज रूळ १६७६ मिलिमीटरचा. भागिले ८७, एकोणीस आणि पाव. बाजारात मिळणारा एचओचा रूळ साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५च्या मापाने बनतो. फरक पावणेतीन मिलिमीटर. पाहुण्याला तो दिसत नाही. नाना मग भिंग आणून देतात. तरी दिसला नाही तर चहाबरोबरची चकली येत नाही.

वर ही लोकल चालते १२ व्होल्ट डीसीवर. पश्चिम रेल्वेचं डीसीतून २५ हजार व्होल्ट एसीत रूपांतर २०१२ साली पूर्ण झालं, तेव्हा नाना आठवडाभर अस्वस्थ होते. वह्या घेऊन बसले, भागाकार केला, २८७ व्होल्ट आले. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेच्या कारभारात हस्तक्षेप केला आणि त्यांचा जीव वाचवला.

वसईची हवा दमट आणि खारट. रूळ काळे पडतात, चाकांना वीज मिळत नाही, गाडी नालासोपाऱ्याच्या अलीकडे हमखास अडते. मग नाना तर्जनीने हलकेच ढकलतात. याला ढकलणं म्हणायचं नाही. घाटात गाडीला मागून जोडतात ते बँकर इंजिन आहे ते. रूळपुसणी रविवारी. जुन्या बनियनचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून अंगठ्याने एकेक वीत रूळ घासत जायचं. कापडावर दोन बारीक काळ्या रेघा उमटतात, त्या नाना उजेडात धरून बघतात आणि कापडाची घडी उलटून पुढे सरकतात. या काळात दाराला पाटी लागते. मी एकदा तिला मेगाब्लॉक म्हणालो. नाना दुखावले. “मेगाब्लॉक मध्य रेल्वेचा. आपला जम्बो ब्लॉक.”

‘हे पूर्ण कधी होणार?’ हा प्रश्न त्यांना विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे: “विरार-डहाणू चौपदरीकरण २०१६ मध्ये मंजूर झालं. त्यांना विचारलंत?” कोथरूडला भाऊ जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. नानांच्या आग्रहाने आम्ही काही जण ते बघून आलो. गाड्या, सिग्नल, रस्ते, चक्क सर्कस, आणि सगळं वेळेवर हलतंय. परतीच्या प्रवासात नाना लोणावळ्यापर्यंत बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी झालेला अर्धा विरार उखडला आणि नव्याने घातला. यांना पूर्ण झालेलं सोसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दर १२ एप्रिलला मात्र पेढे येतात: १८६७ साली त्या दिवशी विरारहून मुंबईला पहिली लोकल गेली. पेढ्यांच्या आकारावरून ते कशाने भागले असावेत, याचा अंदाज येतो.

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, वसईत वीजही गेली. आम्ही जिन्यात बसून होतो. वरून घरघर ऐकू आली. नानांनी गाडी इन्व्हर्टरवर घेतली होती. इमारतीतली सगळी पोरं त्या खोलीत, आणि पश्चिम रेल्वेची वसईतली एकमेव चालू लोकल त्यांच्या नाकासमोरून फेऱ्या मारत होती. त्या दिवशी कुणीही पावणेतीन मिलिमीटरची तक्रार केली नाही. नानांनीसुद्धा.

त्या दिवशीच मी वाकून डब्यात बघितलं. डबे रिकामे. फलाटावर दोन-दोन सेंटिमीटरची माणसं होती. डाळिंबी लुगड्यातली भाजीवालीसुद्धा होती, टोपलीसकट. गाडीत कुणी नाही. विचारलं, तर नानांनी नेहमीप्रमाणे हिशोब काढला. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं उभी असतात. रेल्वेच्याच भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’. चौरस मीटर दोनदा भागायचा. सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते, तेवढ्यात सोळा बाहुल्या. “करून बघितलं,” नाना म्हणाले, “मावत नाहीत. खऱ्या गाडीत मावतात.”

चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, “तीस वर्षं चर्चगेटला उभ्याने गेलेत ते. आता त्यांच्या गाडीत कोण कुणाला उभं करणार?”

एक माणूस आहे म्हणे. मधल्या डब्यात, पश्चिमेच्या खिडकीशी, भाईंदरची खाडी लागली की वारा मिळतो त्या बाजूला. भिंगाशिवाय दिसत नाही. नानांनी ते मला आपणहून आणून दिलं, चकलीसकट.

तुम्हाला बघायला यायचं असेल तर जरूर या, शनिवारी. लहान मुलांना आणा, त्यांना हात लावू देतात. आणि घरात बारा व्होल्टचा जुना ट्रान्सफॉर्मर पडून असेल तर तोही आणा. नानांचा गेल्या आठवड्यापासून गुणगुणतोय.