स्थळ ओहायोचं

(रंगमंचावर एक खुर्ची, खुर्चीवर शाल. शाल खांद्यावर आली की आई बोलते.)

सभागृहात डॉक्टर मुलांचे आईबाप किती? हात वर करा. ...बघा, हातसुद्धा दमलेत! इंजिनियरांच्या आईबापांनी हसू नये. तुमचं चार वर्षांत आटपलं, पोरगं हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सुखात आहे.

आमची लेक एमबीबीएस झाली. पेढे घेऊन साडूंकडे फोन लावला. एडिसनला असतात, न्यू जर्सी. म्हणाले, ‘नुसतं एमबीबीएस?’ नुसतं! हा माणूस बीकॉम झाला तेव्हा त्याच्या वडिलांनी सत्यनारायण घातला होता. एटीकेटी सुटली म्हणून!

मग लेक म्हणाली, ‘बाबा, मी पुढचं शिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, अमेरिकेत करणार. मॅचला बसणार.’ आता हे आईला समजावणं माझ्याकडे आलं. आई 84 वर्षांची, मूळची देवरुखची. ऐकू कमी येतं, पण नको ते स्वच्छ येतं.

म्हटलं, आई, आधी दोन परीक्षा. एक आठ तासांची, 280 प्रश्न. दुसरी नऊ तासांची. मग तिकडच्या हॉस्पिटलांना आपली माहिती पाठवायची. फोटो, शिक्षण, छंद.

(शाल) ‘छंद? भरतकाम लिही म्हणावं. मग?’

मग पसंत पडली तर बोलावतात. बघतात, चार प्रश्न विचारतात.

‘गायला लावतात?’

नाही गं! मग हिनं आपल्या पसंतीची यादी करायची. पहिलं हे, दुसरं ते. हॉस्पिटलांनी त्यांची करायची. कुणाला कितवा नंबर दिला, ते एकमेकांना विचारायचं नाही. मग कॉम्प्युटर दोन्ही याद्या जुळवतो. आणि एकदा जुळलं की मोडता येत नाही.

(आई बराच वेळ गप्प.) ‘अरे, मग सरळ सांग ना, छकुलीला स्थळं बघताय!’

हसा. मीही हसलो. मग रात्री वाचत बसलो आणि उडालोच. 1962 साली गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी एक पेपर लिहिला. त्यात कॉलेजचे प्रवेश आहेत आणि चक्क लग्नं आहेत! इतके मुलगे, इतक्या मुली, प्रत्येकाची आपली यादी. लग्नं अशी लावायची, की ह्याची बायको आणि दुसरीचा नवरा यांना आपापल्या जोडीदारापेक्षा एकमेकंच जास्त आवडतात, असं कुठेही उरता कामा नये. (प्रेक्षकांकडे रोखून) आमच्या सोसायटीत हे गणित सुटणार नाही. पुढे रॉथ नावाच्या अर्थतज्ञानं डॉक्टरांची मॅच नव्यानं बसवली, 1998 पासून चालू झाली. तेव्हापासून मागणी डॉक्टर घालतो, हॉस्पिटल नाही. 2012 साली रॉथ आणि शॅप्लीला नोबेल!

(शाल) ‘याला नोबेल? आमच्या वाडीतल्या काकूंनी अख्ख्या तालुक्याची लग्नं जुळवली. साधा खण दिला नाही कुणी.’

आता खर्च. पहिल्या 30 अर्जांना प्रत्येकी 11 डॉलर. एकतिसाव्यापासून प्रत्येकी 30! दुसऱ्या कुठल्या धंद्यात जास्त माल घेतला की भाव वाढतो? शंभर अर्जांचे 2,430 डॉलर. आणि शंभरावर भागत नाही, लोक दीडशे, दोनशे करतात. कारण तिकडच्या कॉलेजांतली पोरं मॅच होतात शंभरातली 93. आपल्यासारखी बाहेरून आलेली, साधारण 58.

(शाल) ‘दोनशे स्थळं? खरं सांग, मुलीत काही दोष आहे का?’

त्यात अर्जाबरोबर खुणा पाठवायच्या. ‘तुम्ही आम्हाला विशेष आवडता.’ इंटर्नल मेडिसिनला अशा पंधरा. तीन गोल्ड, बारा सिल्व्हर.

(शाल, डोळे विस्फारून) ‘तीन तोळे सोनं? बघण्याआधीच?’

अमेरिकेतला अनुभवही लागतो. म्हणजे काय, तर तिकडच्या डॉक्टरच्या मागे महिनाभर उभं राहायचं. पेशंटला हात लावायचा नाही. आणि उभं राहण्याचे पैसे आपण द्यायचे! राहायचं कुठे? साडू म्हणाले, ‘घर आपलंच आहे.’ तिसऱ्या दिवशी त्यांनी फ्रीजमधल्या दह्याच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली. स्वतःच्या नावाची! माणूस जकात नाक्यावर जन्माला यायचा, चुकून आमच्या सासुरवाडीला आला.

मुलाखती ऑनलाइन. त्यांची सकाळ, आमची रात्र. कुकर बंद, मिक्सर बंद, बायको खुणांनी भांडते. ऐन दिवाळीत ओहायोची मुलाखत. लेक तोंड उघडणार, तोच खाली सुतळी बॉम्ब! तिकडचा डॉक्टर गोरामोरा. ‘आर यू सेफ?’ त्यांच्याकडे असा आवाज आला की माणसं टेबलाखाली जातात, आमच्याकडे गॅलरीत येतात.

मी पॅसेजमध्ये, अंधारात, दाराला कान लावून. त्यानं विचारलं, विसरता येत नाही असा पेशंट सांग. आणि ही बोलायला लागली. इंटर्नशिपची रात्र. व्हेंटिलेटर एकही रिकामा नाही. पेशंटचा भाऊ आणि ही, आळीपाळीनं हातानं अँबू बॅग दाबतायत. एक दमला की दुसरा. सकाळी सातपर्यंत. सातला मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, थांबवा. तर भाऊ हिला म्हणाला, ‘ताई, तुमचे हात दुखत असतील.’

(थांबतो.)

ती सकाळ मला आठवते. घरी आली, दोन पोळ्या गुळांब्याबरोबर खाल्ल्या, झोपली. मी विचारलं होतं, ‘गॅस बुक केलास का?’ आम्हाला मराठीत अक्षर बोलली नव्हती. ओहायोतल्या परक्या माणसाला इंग्रजीत सांगत होती. आणि तो ऐकत होता. एकदाही मध्ये बोलला नाही.

(शेजारून, कुजबुजत, शाल) ‘मघापासून ऐकतोय तो. पसंत दिसतेय.’

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल. सोमवारी फक्त एवढंच कळतं, की जमलं. कुणाशी, ते शुक्रवारी! चार दिवस माणसानं करायचं काय? आई शांत.

(शाल) ‘त्यात काय? मलाही अंतरपाट निघाल्यावरच कळलं.’

शुक्रवार. त्यांची दुपार, आमचे साडेनऊ. लेकीनं ईमेल उघडला आणि किंचाळली. टोलेडो, ओहायो! बायको रडतेय, मी रडतोय, खालचे विचारायला वर आले, कोण गेलं?

(शाल) ‘देणंघेणं काय ठरलं?’

आई, तेच देतात. वर्षाला साठ हजार डॉलरच्या वर.

‘मुलीला? तेच?’ (शाल सावरत) ‘अरे, मग पत्रिका कसली बघत होतास इतके दिवस!’

तेवढ्यात साडूंचा फोन. ‘अभिनंदन हं! पण ओहायो आम्हाला जरा लांबच पडेल, नाही?’ आवाजात काय सुटका होती हो!

म्हटलं, छे, गाडीनं आठ-नऊ तास. सुट्टी मिळाली की येईलच ती. तुम्ही दही लावून ठेवा!

(अंधार.)